पगडीवाल्याला घरी आणताना

मी जुन्या जपानी कुस्तीची कार्डं जमवतो, असं सांगितलं की माणसं दोन प्रश्न विचारतात. पहिला, का? दुसरा, बायको काही म्हणत नाही का? पहिल्याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडेपर्यंत विचारणारा दुसऱ्यावर पोचलेला असतो, त्यामुळे इतक्या वर्षांत मी पहिल्याचं उत्तर कोणाला धड दिलेलंच नाही. बायको म्हणते बरंच काही. तिच्या मते यापेक्षा दारू बरी, बाटली संपते तरी.

लंडनच्या हाउन्सलो भागातल्या आमच्या मराठी मंडळींना शोभतील असे छंद आहेत. कोणी मॅरेथॉन पळतं, कोणी कौन्सिलकडून अलॉटमेंट, म्हणजे भाजीपुरता जमिनीचा तुकडा, भाड्याने घेऊन त्यात मेथी लावतं, कोणी गणपतीत नाटक बसवतं. एअरपोर्टच्या कार्गोचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, कानशिलावर पिकलेला माणूस उघड्या अंगाच्या जपानी बाप्यांची चित्रं प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून ठेवतो, हे कोणाला शोभणार? नसेल शोभत. मी शोभेसाठी करत नाही.

सुरुवात एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात झाली. लेकीसाठी रेनकोट बघायला गेलो होतो. काउंटरजवळ बटणांनी भरलेला पत्र्याचा डबा होता आणि त्याच्या तळाशी जाड पुठ्ठ्याचं, तळहातात मावेल एवढं एक कार्ड. त्यावर लाल चड्डीतला एक अवाढव्य पैलवान ओठ दाबून हसू आवरत उभा होता. बाजूला जपानी अक्षरं, आणि मागच्या बाजूला दगड-कागद-कात्रीतली कात्री छापलेली. मी रेनकोट विसरलो आणि बटणांसकट डबा उचलून घरी आलो. त्या पैलवानाचं नाव आम्ही जाडोबा ठेवलं. त्याचं खरं नाव कोणाकडून तरी वाचून घ्यायला मला पुढे बरेच महिने लागले, पण तोवर जाडोबा घरात रुळला होता.

अशा कार्डांना जपानमध्ये मेन्को म्हणतात. मुलं ती जमिनीवर आपटून खेळायची. आपल्या कार्डाच्या फटक्याने दुसऱ्याचं उलटं पडलं की ते आपलं. साधारण साठ वर्षांपूर्वी तिथे कुस्तीचं वेड घरोघर होतं, तेव्हा पैलवानांची मेन्को भरपूर निघाली, आणि खेळून खेळून बहुतेक मेली. जी उरली त्यांचे कोपरे मऊ झालेले असतात, कडा फुगलेल्या असतात, कुठे कोणा पोराने मिशा काढलेल्या असतात. जाडोबा ज्या सेटमधला, तो चोवीस पैलवानांचा. एका लहानशा छापखान्याचा, थोडाच निघालेला. तो पुरा करायचा असं मी हे कळलं त्याच दिवशी ठरवलं.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मी कोल्हापूरचा. आमच्या पिढीला ट्रंप कार्डं सांगायला नकोत. एकेका कार्डावर एकेक अमेरिकन पैलवान, खाली उंची, वजन, छाती, दंड आणि किती कुस्त्या खेळला ते. डब्याच्या सुट्टीत आम्ही त्यावर जीव टाकायचो. माझा गठ्ठा वर्गात सगळ्यात मोठा होता. दहावीच्या वर्षी बीजगणिताच्या पुस्तकात आईला एक कार्ड सापडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गठ्ठा बंबात गेला. मी आंघोळ त्याच पाण्याने केली. कळलं नंतर.

आणि त्याच दिवशी आईने चहा सोडला. मला फर्स्ट क्लास मिळेपर्यंत चहा घेणार नाही, असं ती देवापुढे बोलून बसली. माझी आई म्हणजे चहा पोटात गेल्याशिवाय जिला वार आठवत नाही अशी बाई. सकाळी उठून ती आम्हा सगळ्यांसाठी आलं ठेचून चहा करायची, गाळायची, आणि स्वतः गरम पाणी घेऊन बसायची. मी म्हणायचो, ‘आई, मला नाही मिळणार फर्स्ट क्लास, तू पी बाई.’ ती ऐकायची नाही. निकालाच्या दिवशी तिने ओट्यापाशी उभ्या उभ्या तीन कप चहा घेतला. माझी कार्डं जाळणारी बाई माझ्यासाठी चहा सोडून बसली होती, त्यामुळे मला तिच्यावर धड रागावताही आलं नाही. तो राग तसाच शिल्लक राहिला आणि मला वाटतं, त्या डब्याच्या तळाशी तो मला परत भेटला.

तर सेट. वर्षं गेली, पण जमत गेला. काही जपानहून आले, दोन वॉटफर्डच्या एका फेअरमध्ये मिळाले, एकासाठी मी सुट्टी काढून लीड्सला गेलो आणि बायकोला ऑफिसचं ट्रेनिंग आहे असं सांगितलं, ते तिने कधीच मानलं नाही. असं करत तेवीस झाले. उरला एक. तोच नेमका भारतीय.

सेटमध्ये परदेशी पैलवान चार-पाच आहेत, त्यात आपला हा एकटा. डोक्याला गुलाबी पगडी, मिशा कानापर्यंत, मागे घुमटांचा राजवाडा. बाकीचे सगळे दात-ओठ खात समोर बघतात. हा खाली बघतो, देवळाबाहेर चप्पल हरवल्यासारखा. असा कोणी खरंच जपानला गेला होता की चित्रकाराने मनाने काढला, कोणालाच माहीत नाही. कार्डावर नाव नाही, नुसतं ‘भारत’ लिहिलंय. बायको म्हणते, तुला त्याच्यात तू दिसतोस. मी म्हणतो, मला मिशा नाहीत. पण खरं सांगायचं तर त्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी जेवण गार होईपर्यंत तो बघत बसलो होतो.

इंग्लंड-वेल्समध्ये मला माहीत असलेला असा एकच पगडीवाला होता. तो कार्डिफला, एका निवृत्त बस ड्रायव्हरकडे. हा माणूस साठीनंतर जपानी लिपी शिकला, निव्वळ कार्डांवरची अक्षरं वाचण्यासाठी. तो काही विकायचा नाही. कार्डाच्या बदल्यात कार्ड, एवढाच त्याचा व्यवहार, आणि तोही समोरासमोर, कारण पोस्टावर त्याचा विश्वास नाही. त्याला हवा होता लाल मुखवट्याचा पैलवान, कोपरे शाबूत असलेला. माझ्याकडे लाल मुखवटे दोन होते. एक सेटमधला झिजलेला, एक कालच छापल्यासारखा. कित्येक महिने आमचे निरोप चालले, फोटो गेले, कोपऱ्यांचे वेगळे फोटो गेले, आणि शेवटी ऑक्टोबरमधला एक शनिवार ठरला. मी कार्ड वेगळ्या पाकिटात घालून माझ्या टेबलावर काढून ठेवलं.

आई तेव्हा आमच्याकडे आली होती. येताना तिने पिठं, मसाले, आपला थर्मास आणि सहा महिने पुरेल एवढी चहापूड आणली होती, कारण इथला टी बॅगचा चहा तिच्या मते विसळलेल्या कपाचं पाणी. मी तिला फोनवर पगडीवाला दाखवला. आमच्या गल्लीच्या तोंडाला तालीम असल्यामुळे पैलवानांच्या बाबतीत आई कोणाचं ऐकत नाही. तिने फोटो मोठा करून पाहिला.

‘पगडी कुठाय ही? टॉवेल गुंडाळलाय. न्हाऊन आलाय बिचारा.’

‘आई, हा मिळाला की माझा सेट पुरा.’

‘मिळंल की. न मिळायला काय झालंय?’

त्या शनिवारच्या आधी खंडेनवमी आली. मी ऑफिसला गेलो होतो. संध्याकाळी घरी आलो तर हॉलमध्ये पाट मांडलेला, हाउन्सलोच्या देशी दुकानातून आणलेले झेंडू, आणि पाटावर घरातली यच्चयावत हत्यारं. बायकोचा लॅपटॉप, भाजीची सुरी, ड्रिल, गाडीची किल्ली, लेकीची सायन्सची पुस्तकं आणि तिचं व्हायोलिन. प्रत्येकाला हळद-कुंकू, प्रत्येकावर फूल. आणि मधोमध, गणपतीच्या सुपारीशेजारी, पाकिटातून बाहेर काढलेला माझा लाल मुखवटा. कपाळावर ओली हळद, हळदीत कुंकू. चांगलं दोन बोटांनी लावलेलं.

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. आवाज शेजारच्या पंजाबी काकूंनी ऐकला, एवढं पुरे. अक्कल आहे का, इथपासून सुरुवात होती. लेक जिन्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाबा, आजीवर नको ओरडू, ती कार्डला माहीत नव्हता.’ व्याकरण सोडून बाकी तिचं बरोबर होतं, पण तेव्हा मी ऐकण्यातला नव्हतो.

‘पाकिटातून काढलंस कशाला?’

‘प्लॅस्टिकला कुठं कुंकू लावत्यात?’ आई म्हणाली. ‘अन् हे एकटं वेगळं काढून ठेवलं होतंस. मला वाटलं, हाच मुख्य.’

‘पण कार्डांची पूजा करायला सांगितलं कोणी तुला?’

ती हातातली कोयरी बंद करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘त्या वेळी जाळली होती. म्हणून म्हटलं, या वेळी पुजावी.’

मी वर खोलीत जाऊन बसलो. एवढ्या वर्षांत बंबाचा विषय तिने पहिल्यांदा काढला होता, आणि तो अशा वेळी की मला रागावायचीसुद्धा चोरी. मी पुन्हा रागावलो. ओरडलो ते बरोबरच होतं, असं मला अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि मी डाग काढायच्या मागे. एका फाटक्या, बिनकामाच्या मेन्कोवर हळद लावून वाळवली आणि साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसून पाहिली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे ज्याने जन्मात एकदा सोवळ्यावरचा डाग पाहिलाय त्याला ठाऊक असतं. मला आठवलं ते कापूस लाल झाल्यावर. कुंकू तर पुठ्ठ्यात मुरलंच होतं. शेवटी लाल मुखवटा तसाच पाकिटात घालून पुन्हा टेबलावर ठेवला.

सकाळी उठलो तर पाकीट रिकामं. आई पुढच्या खोलीच्या खिडकीशी उभी होती, तळहातावर लाल मुखवटा धरून. हळदीचा डाग उन्हात जातो, हे तिचं शास्त्र, आणि ते खरंच आहे. पण हाउन्सलोचं ऑक्टोबरमधलं ऊन ते, विमानाची सावली पडावी तेवढा वेळ यायचं आणि जायचं. ढग आला की ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे जायची, तिथून परत पुढे. शेगडीशेजारी तिचा चहा गार होत होता.

‘दे इकडे,’ मी म्हणालो. ‘उन्हाने हळद जाईल, पण त्याचा लाल रंगपण जाईल.’

तिने दिलं. ‘मग आता रे?’

‘आता काय. शनिवारी जाणार.’

‘हे घेऊन?’

‘हेच घेऊन. लपवणार नाही, खोटं बोलणार नाही, पण पगडीवाला घेतल्याशिवाय परत येणार नाही.’

‘मग मी येणार,’ आई म्हणाली. ‘केलं मी, सांगणार मी.’

मी नाही म्हणालो. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘घेऊन जा. नाहीतर दिवसभर घरात बसून त्या स्वतःला खातील आणि मला पोळ्या करू देणार नाहीत.’ मग आईकडे वळून, ‘अहो आई, माझं जाड जॅकेट घालून जा, तिकडे वारा असतो.’

असे आम्ही निघालो. आईच्या अंगावर इरकल साडी, त्यावर सुनेचं फुगीर जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज, पिशवीत आल्याच्या चहाचा थर्मास. माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये सगळा सेट, कारण त्या गृहस्थाला तो पाहायचा होता. पॅडिंग्टनहून गाडी सुटेपर्यंत आई पिशवी मांडीवर धरून बसली होती. रेडिंगच्या पुढे तिने थर्मास उघडला, टोपणात चहा ओतून आधी मला दिला, मग स्वतः घेतला. ब्रिस्टलच्या अलीकडे दुसऱ्यांदा घेतला. पुढे बोगदा लागला तेव्हा मी सांगितलं, वरून नदी चाललीय. तिने डब्याच्या छताकडे बघून हात जोडले आणि विचारलं, नाणं टाकायचं असेल तर माणसाने टाकायचं कुठे. त्या वेळी आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो.

कार्डिफचं ते घर एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगेत होतं. म्हातारा उंच, नीटनेटका, घरातही टाय बांधलेला. हॉलचे पडदे ओढलेले, कार्डांना ऊन लागू नये म्हणून. आई हळूच म्हणाली, ‘देवानं ऊन दिलंय, तेपण हा आत घेत नाही.’ त्याने तिला चांगली खुर्ची दिली, चहा आणून दिला, सोबत बिस्किटं. आईने एक घोट घेऊन ‘व्हेरी नाइस’ म्हटलं आणि मला मराठीत सांगितलं की चहापूड लांबून दाखवलीय.

मी नमनाला घडाभर तेल घातलं नाही. लाल मुखवटा काढून टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सरळ सांगितलं. आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांची, अवजारांची, पुस्तकांची पूजा करतात, आईने याचीही केली. त्याने भिंग घेतलं. खूप वेळ पाहिलं. कोपरे पाहिले, मागची बाजू पाहिली, परत कपाळ पाहिलं.

‘फार सुंदर पद्धत आहे,’ तो म्हणाला. ‘पण कार्डावर नको होती. माफ करा, मी हे घेऊ शकत नाही.’

‘काय म्हणतोय?’ आईने विचारलं.

‘पद्धत सुंदर आहे म्हणतोय.’

‘अन् कार्ड?’

‘कार्ड नको म्हणतोय.’

आई खुर्चीत पुढे सरकली. ‘माय मिस्टेक,’ ती त्याला म्हणाली, छातीवर हात ठेवून. ‘ही नो मिस्टेक. गुड बॉय.’

मी पंचेचाळिशीचा आहे. म्हातारा माझ्याकडे बघून हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. उलट त्याने उठून कपाटातून पगडीवाला आणला आणि आईच्या हातात दिला, निदान पाहा तरी म्हणून. मीही तेव्हाच पहिल्यांदा त्याला प्रत्यक्ष पाहत होतो. फोटोत दिसतो त्यापेक्षा लहान होता. पगडीचा गुलाबी रंग कुठे कुठे रेषेबाहेर गेला होता आणि डाव्या पायाशी एक बारीक सुरकुती होती. आईने त्याला दोन्ही हातांत, कडांना धरलं, जसं मी तिला आदल्या दिवशी शंभरदा बजावलं होतं तसं.

‘कुणाचा असंल रे?’ ती म्हणाली. ‘एवढ्या लांब आलेला.’

म्हातारा तोवर माझा सेट बघत होता. एकेक पान उलटत, कौतुक करत. पहिल्याच पानावर तो परत आला आणि जाडोबापाशी बोट थांबलं. त्याच्याकडचा जाडोबा पाण्याने फुगलेला होता, हे मला माहीत होतं. त्याने अगदी सभ्यपणे विचारलं, हा द्याल का? मग पगडीवाला तुमचा.

माझ्याकडे जाडोबा एकच. तो दिला की पगडीवाला येणार, पण सेट पुन्हा तेवीसवरच. चॅरिटी शॉपपासून इथपर्यंत जे काही केलं ते सेट पुरा करण्यासाठी, आणि आता तो पुरा होऊ नये यासाठी मीच हात पुढे करायचा. तसा दुसरा जाडोबा मी एवढ्या वर्षांत एकदाही बाजारात आलेला पाहिला नव्हता. मी आईला काय चाललंय ते सांगितलं.

‘नको,’ ती लगेच म्हणाली. ‘ते तुझं पहिलं आहे. अन् मग तुझं पुरं कसं व्हायचं?’

‘नाही होणार.’

‘मग चल घरी. माझ्यापायी नको देऊस.’

‘तुझ्यापायी नाही देत. मी याला इथे ठेवून जाणार नाही.’

हे मी जरा मोठ्याने बोललो असेन, कारण म्हाताऱ्याने वर पाहिलं. मला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. चोवीस होवोत की तेवीसच राहोत, त्या ओढलेल्या पडद्यांच्या खोलीत त्याला खाली मान घातलेला सोडून निघायची माझी तयारी नव्हती. मी जाडोबाला पाकिटासकट काढला आणि टेबलावर ठेवला. त्याने आईच्या हातून पगडीवाला घेऊन पाकिटात घातला आणि माझ्याकडे सरकवला. आम्ही हात मिळवले. आईने आपला कप टेबलावर लांब सरकवला, अर्धा भरलेला. पाणचट होता, मला नवल वाटलं नाही.

परतीच्या गाडीत मी पगडीवाला मांडीवर घेऊन बसलो होतो. आनंद झाला होता, आणि सॅकमधल्या सेटच्या पहिल्याच पानावरची एक जागा रिकामी होती. थर्मासमध्ये चहा उरला होता. मी आईला विचारलं, ओतू का? ती म्हणाली, गार झाला असंल, तू घे. गार नव्हता. मी एकट्यानेच संपवला.

घरी पोचल्यावर आई बूट काढून सरळ देवाला दिवा लावायला गेली. आमच्याकडे नवीन वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू लागल्याशिवाय कोणी वापरत नाही. फ्रिज आला तेव्हा लागलं, गाडीला लागलं, लेकीच्या व्हायोलिनला दुकानाच्या पिशवीतून काढताच लागलं. पगडीवाला टेबलावर होता आणि आई त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. दोनदा समोरून गेली. शेवटी मीच देवघरातली कोयरी आणून तिच्यापुढे धरली.

‘नको बाबा,’ ती मागे सरकली. ‘एकदा केलं तेवढं बास.’

‘नवीन माणूस घरात आलाय. लाव.’

मी पाकिटातून कार्ड काढलं. त्याबद्दल जगातला कुठलाही संग्राहक मला वेड्यात काढेल. काढू दे. आईने बराच वेळ विचार केला, मग कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला मूठ छापलेली होती, दगड-कागद-कात्रीतला दगड. त्या मुठीच्या शेजारी तिने करंगळीच्या टोकाने, मोहरीएवढा, कोरड्या कुंकवाचा ठिपका लावला. मी कार्ड धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी आधी उठलो, आलं ठेचलं, तिच्याच पुडीतला चहा तिला आवडतो तसा दाट केला आणि कप घेऊन तिच्या खोलीत गेलो. ती केस विंचरत बसली होती.

‘मला नको,’ ती म्हणाली.

‘का? पित्त झालंय?’

‘पित्ताला काय धाड भरलीय? बोललेय मी काल. तिथंच बोलले, त्याच्या घरात. तुझा तो जाडोबा परत मिळंपर्यंत चहा नाही.’

मला तो अर्धा कप आठवला. थर्मास आठवला. मी कप हातात घेऊन उभाच राहिलो.

‘आई, त्याला वर्षं जातील. कदाचित मिळणारच नाही.’

ती फणीतले केस काढून बोटाला गुंडाळत होती. ‘दहावीलापण तू असंच म्हणत होतास,’ ती म्हणाली.

त्यानंतर ती कोल्हापूरला परत गेली. व्हिडिओ कॉलवर तिच्या हातात कप असतो आणि कपात गरम पाणी असतं. जाडोबाचं ती विचारत नाही. उरलेली चहापूड तिने आमच्याकडेच ठेवली, बायकोने ती हवाबंद डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवलीय आणि आता माझ्या छंदाबद्दल ती चकार शब्द काढत नाही. उलट परवा तिनेच विचारलं, जपानी लोकांना लिहिताना तू त्यांच्या भाषेत का लिहीत नाहीस, जरा नीट विचार की. म्हणून मीही लिपी शिकायला घेतलीय. अंघोळीनंतर रोज, लेकीच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर बसून.

ओसाकाला एका माणसाकडे जाडोबा आहे. त्याला मी तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तो नाही म्हणाला. त्याच्या शेवटच्या उत्तरात एवढंच होतं की ते कार्ड त्याच्या थोरल्या भावाचं आहे आणि तो ते हातावेगळं करणार नाही. ठीक आहे. मग मी समोर जाऊन बसेन. सगळा सेट घेऊन जाईन, हळदीचा लाल मुखवटा घेऊन जाईन, कुंकवाचा ठिपका दाखवेन, आणि माझ्या आईने काय सोडलंय ते त्याच्या भाषेत सांगेन. ऑफिसात रजा टाकलीय. काल आईला फोन करून सांगितलं, थर्मास घासून ठेव.